जांभूळनाल्यातली मावशी

देवानंदा,

मी तुझ्यावर चिडलो आहे की नाही, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. रविवारी परत आल्यापासून घरात इकडून तिकडे नुसता फिरतो आहे. मध्येच हसू येतं. मध्येच तुला चार सणसणीत शिव्या हासडाव्याशा वाटतात, आणि शिव्या खायला तू समोर नाहीस हे आठवलं की पुन्हा फिरायला लागतो. तू गेल्यावर झालेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात लोक उठून उठून बोलले. एसटीतला इमानदार कंडक्टर, मनात काही न ठेवणारा, एकदम सरळ माणूस. मीही मान डोलावत होतो. आता कोणी मला माईकसमोर उभं केलं तर 'सरळ' या शब्दापाशी माझी गाडी बंद पडेल.

कारण मला एवढंच कळून घ्यायचं आहे, की इतकी वर्षं तू मला वेड्यात काढत होतास की सांभाळत होतास. दोन्ही करत होतास म्हणावं, तर तेही पचत नाही.

आपली दोस्ती जमली तीच मुळात एका पुलावर. मी आर्णीच्या जिनिंगमध्ये फिटर. आयुष्य कापसातून सरकी काढणाऱ्या मशिनींच्या आवाजात गेलं आणि कान अर्धे तिथंच राहिले. त्या दिवशी महागावहून येताना तुझी बस पुलावर पंक्चर झाली होती. प्रवासी कंडक्टरच्या नावानं बोंबलत होते आणि कंडक्टर कठड्याला टेकून खाली नाल्यात बघत होता. मी जवळ गेलो तर म्हणालास, "तिकडं पाहा भाऊ, त्या कोपऱ्यात. बारके मासे साऱ्या डोहात खेळून राह्यले, अन् तेवढ्याच जागी एकबी नाही. काहून?" मी पाहिलं. खरंच, करंजाच्या मुळांखाली तेवढंच पाणी रिकामं होतं. "तिथं कोणीतरी मोठं बसलं हाय," तू म्हणालास. मला ते पटलं, आणि त्या दिवसापासून माझे रविवार तुझ्या नावावर झाले.

तुला सगळे नाले बसच्या खिडकीतून पाठ होते. कुठला उन्हाळ्यात तोंडचं पाणी पळवतो, कुठल्या वळणावर वैशाखातही डोह राहतो, कुठं काठ आतून पोखरलेला आहे. रोहू-कटला तळ्यात सोडलेले असतात, त्यांच्यात तुला रस नव्हता. तुला पाहिजे असायची मरळ, तीही कोणी न सोडलेली, आपली आपण वाढलेली, मांडीएवढी. मरळीला पाण्यात राहूनही वरची हवा लागते. ती दर थोड्या वेळानं वर येते, तोंड बाहेर काढून एक घोट हवा घेते आणि बुडते. तेवढा एक 'डुब्' आवाज होतो. मला तो कधी ऐकू आला नाही. तू माझ्या कोपराला बोट लावायचास आणि मी बघायचो. तू कान, मी डोळे, अशी आपली वाटणी होती. दोघांचा मिळून जेमतेम एक मासेमार व्हायचा, तोही मासे न पकडणारा.

जांभूळनाला आपल्याला असाच सापडला. पावसाळा सरत आला होता आणि बेशरमाच्या झुडपाखाली पाण्यावर लाल काहीतरी हलत होतं, कुणी मूठभर तिखट टाकल्यासारखं. ती मरळीची पिल्लं होती. त्यांच्या खाली, काळ्या पाण्यात, आई. पिल्लं लाल आहेत तोवर तिथं गळ टाकायचा नाही, ही रीत तू मला तिथंच सांगितलीस. नाल्याकाठची सगळी माणसं ती पाळतात, आई मारली तर डोह रिकामा होतो. मग ती वर आली. एवढं मोठं डोकं! आपल्याकडे नीट बघून, आपण अजून गेलो नाही याचा वैताग आल्यासारखी ती परत खाली गेली. तू म्हणालास, "डिट्टो माह्यी मावशी." तेव्हापासून त्या मरळीचं नाव मावशी.

पुढच्या वर्षी, पिल्लं काळी होऊन पांगल्यावर, मी गळ टाकलाच. बेडूक लावला होता. मावशीनं तो घेतला आणि मला पाण्यात ओढायचं तेवढं बाकी ठेवलं. काठावर आली तेव्हा गळ डोळ्यामागं रुतला होता. मी मनात मसाला वाटायला घेतला होता, आणि तू खाली बसून हळूच गळ सोडवत होतास.

"अबे, सोडतं का काय?"

"सोडून राह्यलो."

"परवा बाजारातून दीड किलो नेली ना तू? थे कोणाची मावशी होती?"

"बाजारातली खातो, डोहातली नाही."

"पंचशील आडवं येते का तुले, आं?"

"मले तिखट आडवं येते. चाल, हात धू."

असा तू. धड उत्तर नाही. त्या वादाचा निकाल शेवटपर्यंत लागला नाही, आणि आता तुझ्या बाजूनं बोलायलाच कोणी उरलं नाही म्हणून मी जिंकलो, असंही म्हणवत नाही. मावशीच्या डोळ्यामागं मात्र पांढरा डाग राहिला. तोंड वर काढलं की पोस्टाच्या शिक्क्यासारखा दिसायचा.

मग ती वर्षं आली. आपल्या जिल्ह्याचं नाव पेपरात येऊ लागलं की कशासाठी आलं असेल ते न वाचताच कळायचं. बाहेरगावच्या गाड्या यायच्या, फोटो काढायच्या, जायच्या. कपाशीच्या पऱ्हाटीवर अळी, अळीवर फवारा, फवाऱ्यावर पाऊस, आणि पावसाबरोबर ते सगळं नाल्यात. त्याच हंगामात जिनिंगच्या मालकानं मशिनी सुरूच केल्या नाहीत. दसऱ्याला आम्ही मशिनींना हार घातले, पेढे खाल्ले, आणि दिवाळीनंतर फाटकाला कुलूप लागलं. एवढ्या वर्षांचा आवाज थांबला तर मला बरं वाटायला हवं होतं. उलट त्या शांततेनं मला झोप लागेना. मी ओट्यावर बसायचो. तुझी सुमनवहिनी चहा आणून द्यायची, तो गार व्हायचा, ती तो आत नेऊन परत गरम करून आणायची.

त्याच सुमारास तू घरी येऊन माझ्याकडं बारदान मागितलं होतंस, आठवतं? गाठींना गुंडाळायचं जाड गोणपाट. "मिरच्या वाळू घालाच्या हायेत." जिनिंग बंद पडताना मी थोडं घरी आणून ठेवलं होतं, त्यातलं चांगलं बघून दिलं. मिरच्या! लेका, त्या वर्षी तुमच्याकडं मिरच्या कुठं होत्या?

त्यानंतरच्या रविवारी आपण जांभूळनाल्यावर गेलो. काठाला बारके मासे पोट वर करून पडले होते. पाण्यावर फवाऱ्याचा वास होता. तू कान लावून बराच वेळ बसलास, मी डोळे ताणून. मावशी वर आली नाही.

"मेली," मी म्हणालो.

"गेली," तू म्हणालास.

"गेली म्हंजे कुठं? बसनं?"

त्यावर तू असं काही चमकून पाहिलंस, की मला वाटलं मी फारच लागट बोललो. मग तू समजावायला लागलास. मरळ ओल्या गवतातून सरपटत दुसऱ्या पाण्यात जाते, हवेवर जगते, थे काही साधी मासोळी नाही. मी म्हणालो, एवढं धूड सरपटत गेलं असतं तर गवतात रस्ता पडला असता. तू म्हणालास, पडला होता, मिटला. मी म्हणालो, तुझं डोकं मिटलं. त्या दिवशी आपण वेगवेगळ्या वाटांनी घरी आलो.

आणि पुढच्या रविवारी सकाळी तू दारात उभा! "चाल वसंता. शोधू थिले."

"मेली हाय थे."

"मग मेलेली शोधू. तू कायले बसून राह्यला इथं, कोंबडीवानी?"

मला वाटलं, याच्या डोक्यात खूळ शिरलंय, मित्र आहे, जाऊ दे, चार ठिकाणी फिरवून आणू. मी तुझ्यासाठी आलो, देवानंदा. हे मी सुमनलाही सांगितलं, "देवानंदाचं मन राखायला जातो." ती पदरानं तोंड पुसत आत गेली. ती हसत होती, हे मला आत्ता कळतंय.

किती नाले पाहिले आपण! अरुणावतीच्या, अडाणच्या काठानं, महागावकडचे, पैनगंगेला मिळणारे. एकाला पाणी होतं तर काठ उघडे. एकाला काठ छान, तर वर सगळी पऱ्हाटी आणि पाण्याला तोच वास. एका डोहात मोठी मरळ निघाली, पण डाग नव्हता, आणि तिच्यासाठी तू अर्धा दिवस हळहळलास. काय सुंदर हळहळलास रे! मी तुझी समजूत काढत होतो. शिदोरीतली माझी भाकर तुला दिली होती मी त्या दिवशी.

फिरता फिरता माझं ओट्यावर बसणं कधी सुटलं, ते मला कळलंच नाही. वाटेतल्या गावांत कुणाचा पंप बंद, कुणाची चक्की बंद. तू ओरडून सांगायचास, "आपल्यासोबत फिटर हाय ना!" आणि मला हात काळे करावे लागायचे. त्यातूनच माझं दुरुस्तीचं दुकान झालं. ते सगळं मासा शोधण्याच्या भानगडीत झालं, असंच मी धरून चाललो होतो.

एकच दिशा राहिली होती, केळापूर-पांढरकवड्याकडची. मी तिचं नाव काढलं की तू झटकायचास. "तिकडं सारा खडक हाय. पाणी थांबत नाही." आता पांढरकवड्याच्या बसवर तू किती वर्षं काढलीस, तुझा शब्द मी कशाला तपासू?

दवाखान्यात शेवटचा भेटलो तेव्हाही आपलं तेच. तुझ्या छातीला त्या वायरी लावलेल्या. मी त्या वायरींकडं बघतच म्हणालो, "आता तरी कबूल कर. मेली थे." तू हसलास. म्हणालास, "बरा झालो की पाहू." दुसऱ्या दिवशी सकाळी शीलावहिनींचा फोन आला. माणूस माणसाशी शेवटचं काय बोलला, तर म्हणे मासा मेला. मी कितीतरी दिवस स्वतःलाच विचारत होतो, की दुसरं काहीच नव्हतं का बोलायला.

कार्यक्रमाच्या दिवशी सगळे पांगल्यावर तुझी प्रज्ञा माझ्यापाशी आली. बी.एड. करतेय आता, पण चालणं तुझंच. "काका, रविवारी जमन का? बाबानं एक काम सांगून ठेवलं हाय."

आम्ही पांढरकवड्याची बस धरली. केळापूरच्या जगदंबेला निघालेल्या बायांनी बस भरली होती. कंडक्टर तुझ्या ओळखीचा निघाला, प्रज्ञाला पाहून त्यानं टोपी काढली आणि पुढं गेला. ती खिडकीतून बघत होती. एका पुलावरून बस गेली तेव्हा मान वळवून तिनं पाणी पाहिलं, अगदी तुझ्यासारखं, पाणी नजरेआड होईपर्यंत. मी दुसरीकडं बघितलं.

केळापूरच्या अलीकडं एका फाट्यावर आम्ही उतरलो आणि टेकड्यांच्या दिशेनं चालू लागलो. वावरं संपली. साग सुरू झाला. मी म्हणालो, "बाई, इकडं खडक हाय सारा. पाणी थांबत नाही."

ती थांबली. "बाबा सांगे ना तुमाले तसं?"

"हो."

"काका, तुमी रागावसान. मावशी मेली नाही. आमीच आणली थिले इथं. मी अन् बाबा."

मग चालता चालता तिनं सांगितलं. फवाऱ्याचं पाणी उतरलं त्या दिवशी तुम्ही दोघं नाल्यावर गेलात. मावशी काठालाच येऊन पडली होती, हातानं उचलली. ओल्या बारदानात गुंडाळली, माझ्या बारदानात, आणि थेट बसमध्ये. ड्युटीवरची बस! तुझ्या सीटखाली. वाटेत ती धडका मारायला लागली तेव्हा शेजारच्या म्हातारीनं पाय वर घेतले आणि विचारलं, कोंबडं हाय का म्हणून. तू म्हणालास, पाहुणी हाय. आणि वर तू त्या पोत्याचं लगेजचं तिकीट फाडलंस, स्वतःच्या खिशातून. एवढं सांगून प्रज्ञा हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मीही. रस्त्यात दोघं उभे, येणाराजाणारा काय म्हणाला असेल कोण जाणे.

इमानदार कंडक्टर! सरकारशी इमान, माशाशी इमान. आणि माझ्याशी?

"मले काहून नाही सांगतलं?" मी विचारलं. आवाज जरा चढलाच असावा. "वर्षानुवर्षं माह्यासोबत फिरला, उनातानात. सारं माहीत असून. मले वेडा समजला का थो?"

प्रज्ञानं डोळे पुसले. "मी इचारलं होतं बाबाले. थे म्हने, वसंताले सांगशीन तर थो घरीच बसन."

मी खाली बसलो. दगड होता म्हणून दगडावर, नाहीतर मातीतच बसलो असतो. समोर तो नाला होता. खडकातच होता, तेवढं तू खरं बोललास, पण खडकाच्या कुशीत मोठा डोह, वर उंबर वाकलेला, पाणी काळंशार आणि वास कशाचाच नाही. आयुष्यात पाहिलेला सगळ्यात चांगला डोह, आणि तू मला तो दाखवला नाहीस. मला राग यायला हवा होता. आलाही. पण त्या रागाला पाय फुटेनात. तू असतास तर भांडलो असतो, तू काहीतरी तिखट-मिठाचं उत्तर दिलं असतंस, आपण वेगवेगळ्या वाटांनी घरी गेलो असतो आणि रविवारी तू दारात आला असतास. आता यातलं काय करू? उपकार मानायचे म्हटलं तर तुला ते आवडत नसत. आणि मी तुझं मन राखायला जातो म्हणून गावभर सांगितलं, त्याचं काय? मला तुझी आठवण येत होती, देवानंदा, एवढी की त्या पाण्यावर तुझा शब्द ऐकू यावा असं वाटत होतं, आणि माझे कान तर हे असे.

बऱ्याच वेळानं कोपराला बोट लागलं.

मी दचकलो. प्रज्ञा होती. तिला 'डुब्' ऐकू आलं होतं. मी डोळे लावले. उंबराच्या सावलीबाहेर, जिथं ऊन पाण्यावर पडलं होतं, तिथं मरळ परत वर आली. डोकं तर आता केवढं झालंय. तिनं आमच्याकडं तेच ते वैतागून बघितलं. डोळ्यामागं पांढरा डाग. स्वच्छ. मला दिसला, प्रज्ञालाही दिसला. मग पाणी मिटलं.

सापडली.

मला वाटलं होतं मी नाचेन. पण जिनिंगच्या फाटकाला कुलूप लागलेलं पाहिलं, तो दिवस आठवला. सापडली, म्हणजे संपलं. येत्या रविवारी तू नाहीस आणि शोधायलाही काही नाही. मी गुडघ्यावर हात ठेवून तसाच पाण्याकडं बघत राहिलो.

प्रज्ञा माझ्या तोंडाकडं बघत होती. किती वेळ बघत होती माहीत नाही. मग ती उठली, कपडे झटकले आणि अगदी तुझ्या आवाजात हळहळली.

"नाही काका. हे थे नोहे."

"आं?"

"मावशीचा डाग मोठा होता. हे दुसरीच दिसते. आपली मावशी गेली असन इथून, पावसात. मरळीचं काही सांगता येते का?" आणि माझ्याकडं न बघता, चप्पल घालता घालता म्हणाली, "येत्या रविवारी महागावकडं पाहून येऊ. तिकडचे दोन-चार नाले राह्यलेच हायेत ना?"

मी तिच्याकडं पाहिलं. गळ मी रुतवला होता, तो डाग मी झोपेतही ओळखेन, आणि हे त्या पोरीला पक्कं माहीत होतं.

"हो," मी म्हणालो. "मलेबी वाटलंच. डाग मोठा होता."

घरी आलो तर सुमन दारातच. तिला सगळं आधीपासून माहीत आहे की काय, हे मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. तिनं विचारलं, "सापडली का?"

देवानंदा, मी तिला जे सांगितलं तेच तुलाही सांगतो. मावशी अजून सापडलेली नाही.